आफ्रिकेने आपल्याला काय दिलं?



"आफ्रिकेने जगाला दिलं तरी काय?" हे वाक्य आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत वरचेवर ऐकू येतं. कधी फुटबॉलच्या मॅचवरून, कधी रेफ्युजींच्या विषयावरून, तर कधी कुणी केपटाउनची ट्रिप करून आलं म्हणून. यादी सगळ्यांना पाठ असते. ग्रीकांनी लोकशाही दिली, भारताने शून्य दिलं, चीनने कागद दिला, युरोपने यंत्रं दिली. आफ्रिकेचं नाव निघालं की मात्र सिंह, दुष्काळ आणि हिरे. संपला विषय.

माझं म्हणणं थोडक्यात असं की, हा प्रश्न इतर कुणी विचारला तर एक वेळ समजू शकतो, पण मराठी माणसाने विचारावा हे अजब आहे. त्यातून तो झिंडेलफिंगेनमध्ये राहणारा असेल तर जास्तच अजब! आपल्या ताटात आफ्रिका आहे, आपल्या सतराव्या शतकाच्या इतिहासात आफ्रिका आहे, मुंबईच्या पैशात आहे, आणि इथे आपल्यातले बरेच जण ज्या गाडीवर काम करून पोट भरतात त्या गाडीतही आहे. आपण तिचं नाव घेत नाही, एवढंच. सगळं एकेक करून मांडतो. पटलं तर बघा, नाही पटलं तर भांडा.

* आधी ताट

देश सोडून कितीही वर्षं झाली तरी पुण्याहून येताना बॅगेत जी पिठं कोंबली जातात ती कुठली? ज्वारीचं, बाजरीचं, नाचणीचं. ही तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. ज्वारी लागवडीखाली आली ती पूर्व सुदानच्या भागात, पाच हजार वर्षांपूर्वी. बाजरी आली सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरून. आजच्या मालीच्या परिसरात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाजरीचे पुरावे मिळालेत. नाचणी इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगराळ भागातली. इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास ही पिकं आपल्याकडे पोचू लागली आणि कमी पावसाच्या दख्खनमध्ये अशी रुजली की आता "भाकरी" म्हटलं की आपल्याला आपलं गाव आठवतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते अगदी योग्यच झालं, मंगळवेढेकरांनी ती ज्वारी शेकडो वर्षं राखली. पण त्या दाण्याचे आजे-पणजे सुदानचे.

भाकरीबरोबर काय वाढता? चवळीची उसळ? चवळी आफ्रिकेतली. कारळ्याची चटणी? कारळं इथिओपियातलं. गंमत म्हणजे आपल्याकडे काही भागात त्याला खुरासणी म्हणतात, म्हणजे नावात इराणचा खुरासान आला आणि इथिओपिया गायब! आमटीतली चिंच? तीही मूळची आफ्रिकेतली. तिचं इंग्रजी नाव अरबी भाषेतून आलंय आणि त्याचा अर्थ "हिंदुस्थानचा खजूर" असा होतो. शास्त्रीय नावातही "इंडिका". झाड आफ्रिकेचं आणि पाटी आपली. उन्हाळ्यातलं कलिंगडसुद्धा तिकडचंच.

कुणी म्हणेल, "ही तर निसर्गाची देणगी, त्यात माणसांचं काय श्रेय?" इथेच चूक होते. रानात उगवणाऱ्या गवताचे दाणे पिकले की झडून जातात. त्यातली न झडणारी, टपोरी कणसं निवडायची, तेवढीच पुढच्या वर्षी पेरायची, पुन्हा निवडायची, असं पिढ्यान् पिढ्या केल्यावर पीक तयार होतं. हे संशोधनच आहे, फक्त त्याला पेटंट नव्हतं. आणि हे सगळं प्राचीन काळातलं आहे असंही नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रात "आयसीटीपी ८२०३" नावाचं बाजरीचं वाण प्रसारित झालं, ते पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातल्या शेतकऱ्यांच्या स्थानिक बाजरीतून निवडलेलं. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांनी पुढे त्यातूनच जास्त लोह असलेली "धनशक्ती" बाजरी काढली. लोहाच्या कमतरतेवर उपाय म्हणून आपल्याकडे जी बाजरी पेरली जाते तिची आई टोगोची आहे. २०२३ साली भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरं केलं. केवढा गाजावाजा झाला! त्यात टोगोच्या किंवा सुदानच्या शेतकऱ्याचे आभार मानलेले किती जणांना आठवतात?

* मग इतिहास

आता मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात एक ओळ असायची, "मलिक अंबर हा निजामशाहीचा कर्तबगार वजीर होता." झालं. मार्कांपुरतं पाठ केलं आणि पुढे गेलो.

हा माणूस १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. एकदा नाही, अनेकदा. बगदादच्या एका मालकाने त्याला शिकवलं. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. तो चंगीझखानही मूळचा हबशीच, तेव्हा आफ्रिकन माणूस दख्खनच्या दरबारात नवा नव्हता. मालक वारल्यावर अंबर स्वतंत्र झाला, स्वतःची तुकडी उभी केली. १६०० साली अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अकबराच्या फौजेच्या हाती पडलं आणि निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा याने राजघराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मुघलांना दख्खन सुखाने खाऊ दिली नाही.

कसं? तर इथल्या डोंगरदऱ्यांचा उपयोग करून. मुघलांची फौज मोठी, तोफा जड. अंबरकडे हलके मराठे घोडेस्वार. रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, समोरासमोर सापडायचं नाही. याला तेव्हा बर्गीगिरी म्हणत. १६२४ ची भातवडीची लढाई तर सिनेमात शोभेल अशी. एका बाजूला मुघल आणि आदिलशाही एकत्र, दुसरीकडे अंबर, आणि अंबरच्या बाजूने शहाजीराजे भोसले आणि त्यांचे भाऊ शरीफजी. अंबरने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या वाटेचा चिखल करून टाकला असं वर्णन आहे. शरीफजी त्या लढाईत पडले. लढाई अंबरने जिंकली. शिवरायांच्या काळात कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या "शिवभारता"त या लढाईचं वर्णन आलंय, म्हणजे भोसले घराण्याला ही आठवण जपण्यासारखी वाटत होती.

त्याने जमिनीची प्रत ठरवून सारा आकारण्याची पद्धत बसवली. मराठी कागदपत्रांत पुढे कितीतरी वर्षं "मलिकंबरी" हा शब्द येतो तो त्यावरूनच. १६१० मध्ये त्याने खडकी नावाचं शहर वसवलं आणि जमिनीखालून नळ घालून त्याला पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. हे खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद, २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली तरी शहर वसवणारा माणूस तोच राहतो.

जहांगीर बादशहाला तो इतका सलायचा की बादशहाने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढून घेतलं. त्यात अंबरचं मुंडकं भाल्यावर लावलंय आणि जहांगीर त्यावर बाण मारतोय. ते चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे, आयर्लंडला गेलात तर चौकशी करा. प्रत्यक्षात अंबर कधीच जहांगीरच्या हाती लागला नाही. १६२६ च्या मे महिन्यात वृद्धापकाळाने गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. तो गेल्यावर दहा वर्षांत निजामशाही संपली.

यात शिवरायांचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. स्वराज्याची कल्पना, आरमार, राज्याभिषेक हे सर्वस्वी त्यांचं. पण मराठे सरदार मुघलांशी सतत पंचवीस वर्षं लढायला शिकले, मुघल हरू शकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते या आफ्रिकेतून आलेल्या माणसाच्या हाताखाली. मुघलांविरुद्ध मराठ्यांची सुरुवात सांगताना त्याला एका ओळीत गुंडाळणं म्हणजे पायाच्या दगडाचा उल्लेख टाळून वाड्याचं कौतुक करण्यासारखं आहे.

आणि आपल्या आठवणीत कोणता आफ्रिकन पक्का आहे? सिद्दी जौहर, ज्याने पन्हाळ्याला वेढा घातला. आणि जंजिऱ्याचा सिद्दी, ज्याचा किल्ला मराठ्यांना कधी जिंकता आला नाही. म्हणजे समोरून लढलेला हबशी आपल्याला नावानिशी आठवतो, आपल्या बाजूने लढलेला एका ओळीत उरतो. एवढंच नाही, "हबशासारखा" हा शब्द घराघरांत रंगावरून आणि खाण्यावरून टोमणा मारायला वापरतात. ज्याने आपल्या पूर्वजांचं नेतृत्व केलं त्याच्या जातकुळीचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो!

हे लोक कुठे गेलेही नाहीत. कारवार जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागात सिद्दी समाज आहे. त्यांच्यातले अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. घरात कोकणी बोलतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटकच्या विधान परिषदेवर नेमले गेले. बेळगाव-कारवारकडच्या मंडळींनी या समाजाबद्दल जरूर लिहावं.

* नाशिकची एक गोष्ट

नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असतो. पण ते शरण कुणाला? ब्रिटिश आरमार त्या काळी हिंदी महासागरात गुलामांची जहाजं पकडत असे. सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांपैकी काहींना मुंबईत उतरवलं जाई. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला त्यांना ठेवून शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. यातलाच एक जेकब वेनराइट.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हे नाव आपण सगळ्यांनी भूगोलात वाचलंय, "आफ्रिका शोधणारा". १ मे १८७३ च्या सुमारास तो आजच्या झांबियात वारला. त्याचं प्रेत समुद्रापर्यंत कुणी आणलं? चुमा, सुसी, नाशिकचा जेकब आणि त्यांचे आफ्रिकन साथीदार. दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट, बरेच महिने पायी. लिव्हिंगस्टनचं हृदय जिथे पुरलं तिथे अंत्यविधीचा पाठ जेकबने वाचला आणि झाडावर नाव कोरलं. पुढे प्रेताबरोबर तोच इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. या प्रवासाची त्याने डायरी ठेवली होती. ती त्याच वर्षी छापली गेली ती कुठे? आपल्या या जर्मनीत! गोथा शहरातून निघणाऱ्या पेटरमानच्या भूगोलाच्या नियतकालिकात, जर्मन भाषांतरात.

म्हणजे बघा, नाशिकला शिकलेल्या आफ्रिकन तरुणाचं लिखाण दीडशे वर्षांपूर्वी जर्मन वाचक वाचत होते, आणि आज नाशिकच्या माणसाला त्याचं नाव माहीत नाही. शरणपूरचे बरेच जण १८७५ च्या सुमारास परत आफ्रिकेला नेले गेले. मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रिअरटाउनमध्ये ते शिक्षक झाले, कारागीर झाले. केनियाच्या किनाऱ्यावर नव्या पद्धतीचं शिक्षण सुरू करणाऱ्यांत ही "बाँबे आफ्रिकन" मंडळी होती.

* मुंबईचा पैसा

फ्रिअरटाउन ज्यांच्या नावाने वसलं ते बार्टल फ्रिअर त्याआधी मुंबईचे गव्हर्नर होते, १८६२ ते १८६७. त्यांच्याच काळात मुंबईच्या कोटाच्या भिंती पडल्या आणि आजची दक्षिण मुंबई उभी राहू लागली. त्यासाठी पैसा कुठून आला? कापसातून. आणि कापसाला तो भाव कशामुळे आला? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तोपर्यंत लँकेशायरच्या गिरण्या चालत होत्या त्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर, आणि तो कापूस पिकवत होते आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचे वंशज. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत असे सुमारे ४० लाख गुलाम होते. युद्धामुळे तो कापूस अडकला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईत बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र भरायच्या स्कीम निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी गब्बर झाले. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला.

औद्योगिक क्रांती म्हणजे वाफेचं इंजिन असं आपण इंजिनिअर लोक म्हणतो. इंजिन होतंच. पण त्या यंत्रांवर जे सूत निघायचं त्याचा कच्चा माल बिनपगारी आफ्रिकन हातांनी वेचलेला होता. हिशोबाच्या वहीत हा खर्च कधी लिहिलाच गेला नाही.

* आणि आपलं झिंडेलफिंगेन

आता घराजवळ येऊ. झिंडेलफिंगेनचा कारखाना १९१५ चा. कार्ल बेंझने गाडीच्या पेटंटचा अर्ज केला २९ जानेवारी १८८६ ला. त्याच्या अकरा महिने आधी, २६ फेब्रुवारी १८८५ ला, बर्लिनमध्ये बिस्मार्कने भरवलेली परिषद संपली होती. तिथे युरोपियन देशांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले आणि त्या टेबलाशी एकही आफ्रिकन नव्हता. या दोन तारखांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, मान्य. पण पुढे संबंध येतोच. गाडीला टायर लागतात. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, रबराची मागणी वाढली आणि बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने काँगोत रबरासाठी जे अत्याचार केले ते जगजाहीर आहेत. त्यांचा इतका बोभाटा झाला की १९०८ मध्ये काँगो त्याच्या खाजगी ताब्यातून काढून घ्यावं लागलं.

ते जुनं झालं म्हणता? आजचं बघा. पेट्रोल-डिझेल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम गटातले धातू लागतात. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी साधारण ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बऱ्याच बॅटऱ्यांत कोबाल्ट असतं, आणि जगाच्या खाणींतलं ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोतून निघतं. म्हणजे २०२० मध्ये इथे सुरू झालेली चकाचक फॅक्टरी ५६ घ्या किंवा आपली चाकण घ्या, गाडी जुनी असो की नवी, आफ्रिकेशिवाय ती लाइनवरून उतरत नाही. शिवाय दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनला मर्सिडीजचा स्वतःचा कारखाना आहे. तिथे सी-क्लास बनते आणि जगभर जाते. "आफ्रिकेत काय बनतं?" असं विचारणाऱ्याच्या दारात कदाचित तिथलीच गाडी उभी असेल :-)

* मग करायचं काय?

इथे मला शेजारच्या स्टुटगार्टचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथल्या लिंडन म्युझियममध्ये १९०२ पासून एक बायबल आणि एक चाबूक होता. दोन्ही वस्तू हेंड्रिक विटबोई यांच्या. विटबोई म्हणजे आजच्या नामिबियातले नामा लोकांचे नेते. १८९३ मध्ये जर्मन सैन्याने होर्नक्रान्सवर हल्ला केला तेव्हा त्यांचं बायबल लुटीत गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने या दोन्ही वस्तू नामिबियात नेऊन परत दिल्या. पुढे मे २०२१ मध्ये जर्मनीने नामिबियातल्या १९०४ ते १९०८ च्या हत्याकांडाला वंशसंहार म्हणून मान्यता दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बेनिनच्या २० कलावस्तू नायजेरियाला परत केल्या. हे सगळं पुरेसं आहे का? नामा आणि हेरेरो लोकांच्या अनेक संघटना नाही म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण निदान एका समाजाने आपल्या कपाटात काय आहे ते उघडून पाहिलं.

आपल्या कपाटात लुटीचं बायबल नाही. परत द्यायचं तर फक्त श्रेय आहे. त्याला पैसे पडत नाहीत, तरी ते द्यायला आपला हात आखडतो.

यावर काय काय म्हटलं जातं तेही माहीत आहे. एक, "मलिक अंबर काही आपला नव्हे, तो निजामशाहीचा नोकर." मग मालोजीराजे कुणाच्या चाकरीत होते? शहाजीराजे भातवडीला कुणाच्या बाजूने लढले? त्या काळाला आजच्या चौकटी लावल्या तर आपलेच लोक बाहेर पडतील. दोन, "गुलामांचा व्यापार अरबांनी केला, आफ्रिकन राजांनीही केला, युरोपियनांनाच का बोल?" अगदी बरोबर, आणि तो माल घेणाऱ्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्याची बंदरंही होती. अंबर त्याच वाटेने आला. मग तर आपल्यावर लक्षात ठेवायची जबाबदारी जास्तच. तीन, "ते सगळं ठीक, पण आजची आफ्रिका बघा." पन्नासहून जास्त देश आहेत तिथे. नैरोबीच्या मोबाइल पेमेंटची, एम-पेसाची, सुरुवात २००७ ची, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधीची. एका शब्दात खंड निकालात काढणाऱ्याला आपण भारताबद्दल तसं बोलू देतो का?

मला या सगळ्यात खरी काळजी वाटते ती मुलांची. आपली मुलं इथे वर्गात गांबियाच्या, एरिट्रियाच्या, नायजेरियाच्या मुलांशेजारी बसतात. शाळेत त्यांना "तू खरा कुठला?" असं विचारलं की आपल्याला झोंबतं, आणि ते झोंबायलाच हवं. पण मग घरी जेवणाच्या टेबलावर आपण जे बोलतो ते ती ऐकतात. सबटेनंट शोधताना "आफ्रिकन नको हं" हे आपल्यातच बोललं गेलेलं तुम्हीही ऐकलं असेल. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं ती बातमी वाचून आपण हळहळलो. तो जमाव असल्याच वाक्यांवर वाढलेला होता. वंशवादाची तक्रार फक्त वरच्या पायरीकडे बोट दाखवून करता येत नाही. खालच्या पायरीवर आपला पाय कुणावर आहे तेही बघावं लागतं.

म्हणून तीन साध्या सूचना.

१) २०२६ हे मलिक अंबरच्या मृत्यूचं ४०० वं वर्ष. शिवजयंतीला किंवा गणेशोत्सवात मुलांचा ऐतिहासिक कार्यक्रम बसवताना भातवडीची लढाई घ्या. शहाजीराजे, शरीफजी आणि अंबर तिघंही रंगमंचावर येऊ देत. नाट्य भरपूर आहे, आणि एकदा पाहिलं की मुलं विसरणार नाहीत.

२) लिंडन म्युझियमला मुलांना घेऊन जा. इथून स्टुटगार्ट किती लांब आहे? वस्तू कुठून आल्या हे त्यांना विचारू द्या, आणि उत्तर माहीत असेल तेवढं खरं सांगा.

३) "हबशासारखा" हा शब्द घरातून काढा. खर्च शून्य.

आणि जमलं तर एखाद्या इथिओपियन किंवा एरिट्रियन कुटुंबाला जेवायला बोलवा. त्यांचा इंजेरा बघून तुम्हाला आंबोळी आठवेल आणि तुमची कारळ्याची चटणी त्यांना ओळखीची वाटेल. त्यांच्याकडे कारळ्याला "नूग" म्हणतात. गप्पा तिथूनच सुरू होतील.

मतभेद असतील तर मोकळेपणाने लिहा, विशेषतः इतिहासाच्या जाणकारांनी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक झिंडेलफिंगेनकर

ता. क. : नाशिकच्या कुणाकडे शरणपूरच्या जुन्या आठवणी, फोटो किंवा घरात ऐकलेल्या गोष्टी असतील तर इथे जरूर कळवा. जेकबचं नाव तिथल्या मुलांपर्यंत पोचवायला हवं.